निंबाच्या धुरातली हाक

जमलेल्या वडीलधाऱ्यांनो, आयाबहिणींनो,

मोठ्यानं बोलायला आम्हाला ताईंनी शिकवलं, आणि आज त्यांच्याच फोटोसमोर बोलायची वेळ माझ्यावर आली. देवाजवळ एवढंच मागून आले, की बोलताना रडू देऊ नको.

मथुराताई आपल्या ग्रामसेविका. उन्हाळ्यात कडब्याच्या गंज्या पेटायच्या, तेव्हा पुरुष शेतावर असायचे. म्हणून ताईंनी आम्हा बायकांची आग विझवायची टोळी केली. परवा त्या तापानं गेल्या. काल पंचांचा निरोप आला, गोठ्यातला सराव आता बंद करा, आग दाखवणारा डबा पुरे.

तो डबा ताईंनीच आणला होता. त्याच्या दोन भिंगांतून आत पाहिलं, की पेटलेलं घर समोर उभं. धुरपताबाई तर मागं सरकल्या, "माय वं, पदर जयला!" खूप हसलो आम्ही. एकेकीनं पाहिलं, काय करायचं ते बरोबर सांगितलं. सगळ्या पास.

ताईंचं समाधान होईना. त्यांनी गोठ्यात निंबाच्या ओल्या पाल्याचा धूर केला आणि बादल्या देऊन आम्हाला रांगेत उभं केलं. शेजारची दिसेना. हाक मारूनच बादली द्यायची. पण सासूचं नाव सून कसं घेणार? मी ओरडले, "आत्याबाई, धरा!" तीन सासवा म्हणाल्या, "हाव!" तिघींनी हात पुढं केले, आणि बादली खाली पडली!

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

बाहेर येऊन ताई म्हणाल्या, "डब्यात जी ती एकटी असते. म्हणून हे मला तिथं दिसलंच नाही." स्वतः आणलेल्या वस्तूबद्दल असं कोण बोलतं?

मग माझ्या सासूबाई म्हणाल्या, "माह्यं नाव घे वं. आगीत काय मान पाह्यतं?" मी पदर सारखा केला, आणि हाक मारली, "अन्नपूर्णा!" बादली पोचली.

डबा टाकू नका. आग कशी असते ते नव्या सुनेला दाखवायला तो चांगला आहे. पण त्यात रांग होत नाही. वडीलधाऱ्यांनो, सुना अशी नावं घेतात हे तुम्हाला खटकतं, मला कळतं. मीही रोज देवापुढं वात लावणारी बाई आहे. पण गंजी पेटली तर?

शनिवारी सराव ठेवू. पाला मी आणते, त्याला पैसा लागत नाही. येणाऱ्यांनी हात वर करा.

आत्याबाई, तुम्ही पहिल्या! अहो, दोन्ही कशाला, एक पुरे.

किती हात वर आले, ते पंचांनीही पाहिलं. ताई, सराव चालू राहील.

आता सगळे उभे राहू. थोडा वेळ कोणी काही बोलू नये.