ताकातल्या मिरच्या आणि डोंगरी बोकड

अगं, शिकारीचं नाव काढलंस म्हणून सांगते. आमच्या मिलिंदनं तिकडे अमेरिकेत ऑफिसात थाप मारली होती, की आम्ही पिढीजात शिकारी. आमच्या घरात आजवर झुरळापलीकडे काही मारलेलं नाही. पण त्याच्या साहेबाला कित्येक वर्षांनी सोडतीत डोंगरी बोकड मारायचं परमिट लागलं आणि तो म्हणाला, "मिलिंद, तूच चल."

मीही गेले. मिलिंदच्या त्या पावसाळी रेडमंड गावात ऊन कुठलं? माझ्या ताकातल्या मिरच्या ओल्याच राहिल्या होत्या, म्हटलं डोंगरावर तरी वाळतील.

दोघं पहाटेच कडा चढायला गेले. मी खाली पार्किंगमध्ये, गाडीच्या बॉनेटवर ताट मांडून बसले. दुपारी एक पांढराशुभ्र दाढीवाला बोकड उतरून आला आणि मिरच्यांवरचं मीठ चाटायला लागला. मी म्हटलं, "खा बाबा, पण ताट सांडू नकोस."

तेवढ्यात हे दोघं गुडघे फोडून, रिकाम्या हातांनी परत आले. पार्किंगमध्ये बंदूक चालवायला बंदी, त्यामुळे साहेब नुसता बघत राहिला. बोकड सावकाश चाटून निघून गेला.

साहेबानं काहीतरी विचारलं, तसा मिलिंदचा चेहरा उतरला. "आई, हा विचारतोय, तुमच्या घराण्यात शिकारीला वापरतात तरी काय? आता काय सांगू?"

बोकडाचं तोंड न लागलेली एक मिरची उचलून मी पुढे केली. "सांग, ही."

साहेबानं ती अख्खी तोंडात टाकली आणि मटकन खाली बसला. त्या दिवशी आमची शिकार झाली ती एवढीच.