मागचे शॉकअप

थोरला साडू : ...आणि मग जेवतोस कुठं? टेबलावर तर मोटरसायकलचं पोस्टमॉर्टेम मांडलंयस.

धाकटा साडू : ओट्यापाशी, उभ्यानं. ती लॉकची रिंग दाबून धरा साडूभाऊ, उडेल.

थोरला साडू : उडू दे. या घरातून उडायचं आता राहिलंय काय?

धाकटा साडू : टिंगल करायला आलात की मदत करायला?

थोरला साडू : दोन्ही एकाच फेरीत. आणि हे तेल कशात मोजलंस? हा आमच्या मेव्हणीचा केक करायचा मापाचा ग्लास ना?

धाकटा साडू : धुऊन ठेवीन.

थोरला साडू : धू, धू. पुढचा केक शॉकअपच्या वासाचा.

धाकटा साडू : नीट धरा हो! हां. रविवारपर्यंत दोन्ही तयार पाहिजेत.

थोरला साडू : रविवारी काय?

धाकटा साडू : तुमच्याकडे येतोय. तिला आणायला.

थोरला साडू : ...हे सील बघ. पार वातड झालंय, कडेनं फाटलंय. तेल कधीपासून गळत होतं रे?

धाकटा साडू : झाली दोनेक वर्षं. शॉकअपमध्ये हवा भरली की गाडी परत उभी राहायची, मग कशाला खोला.

थोरला साडू : हवा कुठं भरायचास?

धाकटा साडू : पेट्रोल पंपावर.

थोरला साडू : ट्रकची चाकं भरतात त्या नळीनं? अरे साडोबा! यात हवा हातपंपानं भरायची असते, चहावर फुंकर मारावी तशी. तू तर एका दणक्यात सीलच्या चिंध्या केल्यास.

धाकटा साडू : पंपावर पटकन होतं.

थोरला साडू : आणि गाडी पटकन खाली बसतेही. लांब पल्ल्याची गाडी म्हणे! मागचा माणूस पल्ल्याच्या आधीच संपतो.

धाकटा साडू : मला पुढं काही जाणवायचंच नाही.

थोरला साडू : तिला जाणवायचं. मणक्यात.

धाकटा साडू : म्हणून तर करतोय ना! जाताना दारात उभी राहून काय म्हणाली, माहितीये? 'आता मी मागं बसणार नाही.' बस्स, एवढंच. भांडण नाही, रडारड नाही. मी म्हटलं, बरोबर आहे बाईचं, मागचे शॉकअप गेलेत. लगेच सीलं मागवली, वॉशर मागवले, तेल...

थोरला साडू : साडोबा, थांब. सील उलटं घालतोयस. त्याच्या कडेचा ओठ आत पाहिजे, तेलाकडं.

धाकटा साडू : हां. चुकलं.

थोरला साडू : तिचं वाक्यही उलटंच घातलंयस.

धाकटा साडू : म्हणजे?

थोरला साडू : 'मागं बसणार नाही' म्हणाली. 'पाठ दुखते' नाही म्हणाली.

धाकटा साडू : एकच की ते.

थोरला साडू : एकच? कुठं जायचं ते तू ठरवणार, कुठल्या रस्त्यानं ते तू, मुक्काम कुठं ते तू. लघवीला कुठं थांबायचं तेसुद्धा तूच.

धाकटा साडू : तिला काही ठरवायचंच नसायचं! विचारलं की म्हणायची, तुला हवं तिथं.

थोरला साडू : कितीदा विचारलंस?

धाकटा साडू : ...तो पाना द्या.

थोरला साडू : घे.

धाकटा साडू : तुमच्याकडे राहून शिकलीय ती हे. ताईंनी आणि तुम्ही मिळून तिचे कान भरलेत.

थोरला साडू : कान नाही भरले. स्कूटर शिकवली.

धाकटा साडू : कुणी?

थोरला साडू : मी. आमच्या मागच्या मैदानात. पहिल्याच दिवशी थेट कचऱ्याच्या ढिगात घुसली. डोक्यावर कांद्याची सालं, एक चप्पल गायब. आणि बसल्या जागी हसत सुटली.

धाकटा साडू : ती हसली?

थोरला साडू : पोट धरून. मलाही तो आवाज नवीनच होता.

धाकटा साडू : मी शिकवलं असतं की.

थोरला साडू : म्हणाली होती ना तुला. तू म्हणालास, क्लचप्लेट जाळशील.

धाकटा साडू : जाळतातच नवशिके.

थोरला साडू : अगदी अस्सं! असंच बोलून दाखवते. तुझी नक्कल भारी करते हां ती.

धाकटा साडू : रविवारी नीट बोलतो मी तिच्याशी. शांतपणे.

थोरला साडू : रविवारी ती नसेल आमच्याकडे.

धाकटा साडू : कुठं जाणारे?

थोरला साडू : गेली. आज सकाळी. पूर्वी नोकरी करायची त्या लॅबवाल्यांनी परत घेतलंय, त्यांच्या दुसऱ्या गावच्या शाखेत. खोली बघून झालीय. स्कूटर स्वतः चालवत गेली, मागं बॅग बांधून. तुला सांगायला मला पाठवलंय, आणि मी मघापासून वात्रटपणा करतोय, कारण तोंडातून निघत नव्हतं.

धाकटा साडू : आणि मला खुशाल सील बसवू दिलंत?

थोरला साडू : हात गुंतलेले असले की माणूस कमी ओरडतो.

धाकटा साडू : हरामखोर आहात तुम्ही.

थोरला साडू : आहे.

धाकटा साडू : पत्ता द्या.

थोरला साडू : देऊ नका म्हणालीय.

धाकटा साडू : ...तो दुसरा शॉकअप सरकवा इकडं.

थोरला साडू : आता कशाला?

धाकटा साडू : उघडा पडलाय. असा कसा ठेवायचा?

(खाली, गल्लीत. दोन्ही शॉकअप बसवलेत. मोटरसायकल सुरू आहे, हँडलवर थोरला साडू.)

थोरला साडू : चल, बस. एक चक्कर मारून बघू.

धाकटा साडू : उतरा मग. गाडी माझ्याकडं द्या.

थोरला साडू : मागं बस. शॉकअप मागचे आहेत, लागतंय का नाही ते मागच्यालाच कळणार. बसलायस कधी मागं?

धाकटा साडू : माझ्याच गाडीवर? कशाला बसेन?

थोरला साडू : बस.

धाकटा साडू : सावकाश. अहो, डावीकडनं घ्या... खड्डा! ब्रेक, ब्रेक मारा!

थोरला साडू : मारलाय. तू पाय कशाला दाबतोस? तिथं ब्रेक नसतो. लागलं का?

धाकटा साडू : नाही. मऊ गेला.

थोरला साडू : मग जमलं की रे काम! आता सरळ रस्ता आहे, मोकळा. बघ मजेत. काय दिसतंय?

धाकटा साडू : तुमची पाठ.

थोरला साडू : अरे, पुढचं सांग.

धाकटा साडू : पुढचं इथून दिसत नाही, साडूभाऊ.