तुषारचा सेमिनार

हॅलो? … हो, प्रज्ञाच बोलतेय. … मजेत कसली, मेहरीन! डोकं फिरलंय माझं. उद्याचा सेमिनार सरांनी काढून घेतला… हो, माझाच! वर्गातल्या तुषारला दिला. म्हणे, "विषय जड आहे, तुला झेपायचा नाही." अगं, पुण्याला जाऊन झेरॉक्स कुणी आणल्या? मी! घासून वाचलं कुणी? मी!

… प्रोसेसरचा गं. एकाच प्रोसेसरवर दोन प्रोग्राम एकदम… अगं ऐक ना, सोप्पं आहे. तुमचं भिंगारचं शिलाईचं दुकान घे. अब्दुलचाचा मशीनवर, एक जण काजं करतोय, एक इस्त्रीला. बरोबर? आता ब्लाऊजचं अस्तर संपलं, माणूस कापडबाजारात गेला. तोवर? … हां! सगळे हातावर हात ठेवून! प्रोसेसरचं तेच. मेमरीतून माहिती येईपर्यंत नुसता बसून. … छे, मशीनला मोठी मोटर लावून काय उपयोग? अस्तर यायचं तेव्हाच येणार! … हो, हो, शाब्बास! दुसऱ्या गिऱ्हाइकाची पँटही सोबत घ्यायची. कुणाचे ना कुणाचे हात चालू राहतात.

बघ, तुला लगेच कळलं! तुषार काल अख्खी संध्याकाळ माझं डोकं खात होता. … हो ना, विषय ह्याचा आणि शिकवायचं मी! … शिकवलं. … अर्धं.

… अर्धं म्हणजे, कप्प्याचं नाही सांगितलं. अगं, सामान ठेवायचा कप्पा दुकानात एकच ना? दोन गिऱ्हाइकांचं सामान कोंबलं की एकाचं ठेवायला दुसऱ्याचं काढावं लागतं. मग ते आणायला पुन्हा बाजार! अशा वेळी एकेक काम घेतलेलं बरं. … असतो की, प्रोसेसरजवळही असतो तसा कप्पा. कॅश म्हणतात. खरी गोम तिथंच आहे.

… पाप? आणि माझा विषय पळवला ते पुण्य का? … नाही, भांडणार नाही. पहिल्या रांगेत बसणार. त्याचं झालं की विचारणार, दोन्ही प्रोग्रामना मिळून कॅश पुरली नाही तर? … सर? सरांनाही यायचं नाही!

… मग काय, फळ्यापाशी जाऊन मीच देईन उत्तर. सेमिनार काढून घेतला. प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागते? … रडत नाहीये मी. … नाही म्हटलं ना! ठेव आता, आकृत्या काढायच्यात मला.