न उचललेली गादी

ईडन प्रेरीच्या रिपेअर शॉपमध्ये हिमानी गाडीचे टायर बदलून मिळायची वाट बघत बसली होती. समोर बसलेल्या काका-काकूंचं मराठी ऐकू आलं, तसं आपण मराठी आहोत हे कळू नये म्हणून तिने फोनमध्ये डोकं खुपसलं.

“पलंगाखालच्या फळीला मेकॅनिकने नुसतं बोट लावलं, तर भुगा झाला! सगळा फ्लोअर कुजलाय म्हणतोय तो.”

“फोटोत तर छान दिसत होता हा कॅम्पिंगचा ट्रेलर.”

“न बघता त्या केदारकडून कॅलिफोर्नियाहून विकत मागवलात! व्हिडिओ कॉलवर मी शेजारी बसून कोपराने ढोसत होते, त्याला गादी उचलून दाखवायला सांगा म्हणून.”

“कसं सांगणार? इतकं काका-काका करत होता. बरं दिसतं का ते?”

“आणि हे बरं दिसतंय? माझी आमटी जरा खारट झाली तर चारचौघांत बोलता. तेव्हा कुठे जाते ही भीड?”

“थांब, केदारचाच फोन येतोय.”

“घ्या. स्पष्ट सांगा त्याला.”

“हां, बोल केदार! पोचला, पोचला. एकदम मस्त आहे रे! छे छे, काही प्रॉब्लेम नाही. तूच ये एकदा इकडे, काकूच्या हातचं जेवायला.”

“फसवलंस म्हणावं! कुजका ट्रेलर गळ्यात मारलास म्हणावं!”

“चल, ठेवतो हं. बाय, बाय.”

हिमानीने न राहवून वर बघितलं. काकांनी फोन खिशात टाकला आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

“त्याला ऐकू गेलं असेल. हळू बोलता येत नाही तुला?”