एक टनाचा नकार

हॅलो?… हॅलो, कोण?… अगं ठमे, तू होय! जरा मोठ्याने बोल, इकडे पंप चालू आहे… पंप!… पाण्याचा गं… घरात पाणी कशाला शिरेल? मीच भरतेय.

बोल ना, बोल. तू ठेवेपर्यंत मी आहेच, नेहमीसारखी.

काय भरतेय म्हणजे… टाकी… गच्चीवरची नव्हे, हॉलमधली… हो, हॉलमध्ये. शोकेस होतं ना, त्या भिंतीला… शोकेस शेजारच्या शिवणवाल्या बाईंना दिलं. त्यांना कापडं ठेवायला हवंच होतं… तुझे कप आहेत गं माळ्यावर. शाळेत जिंकलेले कप कुणी देऊन टाकतं का?

माशांची टाकी. समुद्रातल्या माशांची, खाऱ्या पाण्याची. प्रवाळ-बिवाळ असतं ना, ती… केवढी? आपला जुना दिवाण आठवतो? तेवढी लांब. आणि खालचा कट्टा धरून माझ्या खांद्यापर्यंत उंच… हसतेस काय? खरं सांगतेय… हां, आता थांबलं हसणं. कळलं ना खरं आहे ते.

अहो, तो पाइप सुटतोय बघा! धरा, धरा, सगळं खारं पाणी फरशीवर… हां… तुला नाही गं, टाकीवाल्यांना. ते आणि त्यांचे भाऊ, दोघं सकाळपासून खपताहेत. खारं पाणी ड्रममध्ये आधीच कालवून ठेवलं होतं, आता पंपाने टाकीत घेतोय… ड्रम? तुझ्या खोलीत ठेवलेत. तुझ्या पलंगाला टेकवून… अगं, पुसून घेतलंय सगळं, ओरडू नकोस.

रविवारी माणसं येणार आहेत घर बघायला, हो, माहीत आहे मला… सगळं पाठ आहे. घर विकायचं, मी तुमच्याकडे कायमचं यायचं, नातीच्या खोलीत खिडकीशी माझा पलंग, माझ्या कपाटाला जागा नाही पण भिंतीत दोन कप्पे… ठरलं होतं. मी कुठे म्हणतेय ठरलं नव्हतं?

पण आता कसं विकणार? हे बघ, ही टाकी हलत नाही. एकदा भरली की भरली. पाणी, काच, आतले दगड, सगळं धरून एक टनाच्या वर जातंय… तळमजला आहे म्हणून तर! वरच्या मजल्यावर राहत असते तर मी हा घाट घातलाच नसता. आणि दारातून आलीच नाही ती. खिडकीची अख्खी चौकट काढली, माणसं लावून आत घेतली, चौकट परत बसवली, वरून गिलावा केला, रंग दिला. आता बाहेर काढायची म्हणजे खिडकी परत फोडायची. एवढा उपद्व्याप कोण करतंय?

ताकास तूर लागू दिली नाही?… बरं, नाही दिली. तुला सांगितलं असतं तर तू येऊन थांबवलं असतंस… साठी बुद्धी नाठी? म्हण, म्हण. साठी उलटून चार वर्षं झाली, आता आठवण झाली होय तुला!

कुणीही फसवलेलं नाही मला. माझी मी गेले दुकानात. टाकीवाले तर बिचारे म्हणत होते, मावशी, गोड्या पाण्याची छोटी घ्या, चार सोनेरी मासे सोडा, सुखाने राहा. मी म्हटलं, खारीच हवी, आणि असेल त्यातली मोठी दाखवा.

काय कळतं मला यातलं?… ऐकलंत का हो, लेक विचारतेय आईला काय कळतं! अगं, तीस वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात काढली. पाणी गाळा, क्षार मोजा, नळ्या जोडा, पंप बघा, गजर वाजला की धावा. इथे दुसरं काय आहे? नळाचं पाणी चालत नाही, गाळून शुद्ध करून घ्यावं लागतं. तिथेही तेच होतं. तिथे माणसं, इथे मासे. उलट मासे बरे, 'सिस्टर, अजून किती वेळ' असं विचारत नाहीत.

मीठ?… खायचं नव्हे गं! स्वयंपाकघरातला डबा उपडा केला असं वाटलं की काय तुला? समुद्राचं वेगळं मिळतं, बादलीच्या बादली. कालवायचं, मीटरने मोजायचं, कमी पडलं तर परत घालायचं… चाखून बघितलं का? एकदा बघितलं. तोंड वाकडं झालं दिवसभर.

आणि तुला ते चित्र आठवतं का? शाळा सुटली की तू वॉर्डाबाहेर बाकावर बसायचीस, माझी ड्यूटी संपेपर्यंत. आतल्या भिंतीवर… हां, तेच! समुद्राच्या तळाचं. तो केशरी मासा, आणि बोटं पसरून बसलेली ती फुलं. पेशंट चार-चार तास त्याच्याकडे बघत पडायचे, मी उभ्याने बघायचे. तेव्हाच म्हटलं होतं, हे एकदा हलताना बघायचं. कुणाला सांगितलं नव्हतं… तुझ्या बाबांनाही नाही. ते म्हणाले असते, त्यापेक्षा फ्रिज घेऊ.

मासे आत्ता कुठले? आधी नुसतं पाणी आणि दगड… हो, महिनाभर तरी. त्या दगडांत जीव असतो, डोळ्यांना न दिसणारा. तो आधी रुजू द्यायचा, मग मासे. घाई केली की मेलेच म्हणून समज… रिकामं पाणी काय बघत बसणार? तू यायच्या आधी नऊ महिने काय बघत होते मी? पोटच ना?

तर सांगायचं काय, हिला सोडून एक दिवस कुठे जाता येत नाही. रोज जेवढं पाणी उडतं तेवढं घालायचं. फेस काढायचं एक यंत्र असतं, पाण्यातली घाण फेसातून वर येते, तो डबा उपसायचा. वीज गेली तर बॅटरी जोडायची. मग मी तिकडे कशी येऊ? तूच सांग. माझी इच्छा असो नसो, टाकीच येऊ देणार नाही ना!

…काय म्हणालीस?

तुमच्या हॉलमध्ये?… जागा आहे?… जावईबापू मागेच उभे आहेत?… सोफा हलवू म्हणताहेत… नातीला आवडेल, हो, आवडेल ना, का नाही आवडणार… अगं पण ती हलत नाही असं आत्ताच सांगितलं ना तुला! हमाल कसले, एक टन आहे ते!… थांब, टाकीवाल्यांनाच विचारते. फोन स्पीकरवर टाकते. अहो, हिला जरा सांगा, ही एकदा भरली की मग काही हलवता… काय?… पाणी काढून घ्यायचं?… दगड ड्रममध्ये घालून… गेल्याच महिन्यात एक?… दुसऱ्या शहरात?… एकही मासा दगावला नाही?… अहो, तुम्हाला एवढं खरं बोलायला कुणी सांगितलं होतं!

ऐकलंस ना… हं… ऐकलंस तर. खिडकीचीही काळजी करू नका म्हणताहेत. माणूस आहे त्यांचा.

…

आहे गं. आहे मी… लाइन गेली नाही, पंप बंद केलाय त्यांनी, म्हणून शांत वाटतंय. विचारताहेत, भरायचं की थांबायचं. अर्धीच झालीय अजून… अहो, तुम्ही दोघं जरा बाहेर थांबता का? पाचच मिनिटं.

ठमे, आता काही बोलू नकोस. मला बोलायचंय, आणि तू मध्ये बोललीस की मी 'हो' म्हणून मोकळी होईन… मनधरणी नको, जावईबापूंचं नको, नातीला फोनवर आणू नकोस. गप्प बस जरा.

मी येणार नाही.

…टाकीमुळे नव्हे. टाकी नसती तरी आले नसते. घर विकायचं नाही, मला तुमच्याकडे राहायचं नाही. नाही.

…

हो, 'हो' म्हणाले होते. त्या दिवशी फोनवर 'हो, हो, येते की' म्हणाले, तू फोन ठेवलास, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडले… तेव्हाच का नाही बोलले! अगं, मला आलंय का ते कधी? सिस्टर, रविवारची माझी ड्यूटी करता? करते. ताई, मिक्सर देता? देते. गेला तो मिक्सर, आलाच नाही परत. तुझ्या आत्याचा पोपट आठ दिवसांसाठी म्हणून आला होता, आपल्याकडेच म्हातारा होऊन मेला… शिव्या तूच शिकवल्यास त्याला, माझं नाव घेऊ नकोस!… भीड ही भिकेची बहीण म्हणतात, आपल्या घरी ती मुक्कामालाच होती. म्हणून म्हटलं, आपल्या तोंडून नकार निघत नाही ना? मग एक टनाचा विकत आणू आणि हॉलमध्ये बसवू. तो बोलेल माझ्या वतीने… आणि बघ, तोही निघाला उचलून नेण्यासारखा.

रडतेस?… अगं बाई… तुझ्यावर राग नाही गं माझा. तुझं घर चांगलं, जावईबापू तर मऊ माणूस. पण तिथे मी पाहुणी असते, ठमे. सकाळी जाग येते, आणि भांड्यांचा आवाज होईल म्हणून चहा न करता पडून राहते. इथे अंधारात हात नेला तरी दिव्याचं बटण सापडतं. माझी नाइट ड्यूटी, तुझे बाबा, तुझा अभ्यास, सगळं झालं याच घरात, आता जरा माझी मी राहते ना. राहू दे मला.

…पडले होते बाथरूममध्ये. खरं आहे… तासभर, हो. उठताच येईना. मला भीती वाटली नाही असं वाटलं का तुला? फार वाटली. तुला सांगताना मी हसून सांगितलं, तेवढंच… काय?… रोज?… मी फोन उचलला नाही की ऑफिसात तुला काही सुचत नाही?… हे कधी बोलली नाहीस ती! नुसतं घर विकू, घर विकू. भीती वाटते एवढंच म्हणायचं होतंस… तूही माझीच लेक. सरळ बोलायचं म्हणजे आपल्या दोघींच्या जिवावर येतं.

बरं, धरायला दांडा बसवते बाथरूममध्ये. तू म्हणत होतीस तो. आजच… यांच्याकडे ड्रिल आहे की… या हो आत, या. झालं आमचं, म्हणजे होत आलं… काय म्हणता?… दारातून सगळं ऐकू आलं? येणारच, दार कुठे लावलंत तुम्ही… हं… हं… असं होतं?… तिच्या फोनवरसुद्धा?

ठमे, ऐक, ऐक! टाकीत पाणी फिरवणारे पंप असतात ना, त्यांना एक बटण आहे. सकाळी माशांना खायला घालताना ते दाबायचं, म्हणजे पाणी थांबतं आणि खाणं वाहून जात नाही. आणि दाबलं की फोनवर निरोप येतो. जोडून घेतलं तर तुझ्याही फोनवर येईल म्हणताहेत… अगं, मासे नाहीत अजून, पण बटण दाबायला मासे कशाला हवेत? उद्यापासून दाबते. उठले की आधी ते, मग चहा. तुझ्या फोनवर दिसलं की समज, आई उठली, चालते-फिरते आहे. मग खुशाल ऑफिसला जा.

…काय म्हणतेस? एखाद्या दिवशी नाही दिसलं तर?

तर ये. तेव्हा फोन करत बसू नकोस, विचारत बसू नकोस, सरळ ये. किल्ली शिवणवाल्या बाईंकडे आहे.

…हं… पूस डोळे. मीही पुसते.

अहो, बघत काय उभे राहिलात? चालू करा पंप. वरच्या पट्टीपर्यंत भरा!

रविवारच्या माणसांना तू… नको, मीच सांगते. नंबर पाठव. तेवढाच सराव होईल… अगं, बघ, बघ, दगडांवरून पाणी कसं चढतंय! बुडबुडे सुटलेत एकेका भोकातून… दाखवीन नंतर व्हिडिओवर, आत्ता मला बघू दे.

शनिवारी?… कुठे जायचंय तुम्हा दोघांना?… आणि नातीजवळ कुणी नाही… हो, येते की… थांब. थांब जरा.

नाही गं. शनिवारी मला उरलेले दगड लावायचेत. तिलाच इकडे आणून सोड, वाळू धुवायला लावते… हसायला काय झालं?… हो, दुसऱ्यांदा सोपं गेलं, माझं मलाच नवल वाटलं.

चल, ठेवते… नको, तू नको ठेवूस. आजवर तू ठेवेपर्यंत मी फोन कानाला लावून उभी राहिलेय. आज मी ठेवते.