थैलीत आठच वस्तू

न्हाय हो, ही कॅसेट विकायची न्हाय. गाड्यांची घ्या, मारामारीची घ्या — अख्ख्या टेमघरात व्हिडिओ गेमचं दुकान माझंच हाय, पण ही राक्षसांची राहू द्या. चालते ना, का न चालेल? आत बॅटरी हाय, सेव्ह करून ठेवला की काल जिथं सोडला तिथनंच आज खेळ सुरू. तुम्ही नेऊन नवा खेळ लावलात की जुना पुसला — आणि जुन्यात माझी शैलाताय हाय. हसू नका. ह्यात दोन वीर असतात, एक मी, दौलत, एक ती. प्रत्येकाच्या थैलीत आठच वस्तू मावतात. राक्षस मेला की माल पडतो, मंग वाटणी — तलवार मला, ढाल मला, आणि तिला काय? जखमेवरचा पाला. तो तरी कुणाला लावायला? मलाच. दर भाऊबीजेला सासरहून आली की आधी खेळ, मंग जेवण.

मंग आमची दापोड्याची जमीन गोदामाला द्यायची ठरली. वकील म्हणाला, बहिणीची हक्कसोड आणा — बापाच्या जमिनीतला वाटा नको, असं लिहून द्यायचं. देतातच बहिणी, कोण न्हाय देत? मी भाऊबीजेलाच, ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवला. चुकलं ते. निदान ओवाळून तरी होऊ द्यायचं. तिनं वाचला, सही केली. म्हणाली, दौल्या, खेळ लाव. मला वाटलं, राग न्हाय हिला — मी साडी आणायला आत गेलो, बाहेर येतो तर ताय गेलेली. टीव्ही चालूच. तिची थैली रिकामी, माझी गच्च, आणि तसाच खेळ सेव्ह करून गेलेली. पाल्याचं एक पान ठेवलं न्हाय हो स्वतःला.

तीन दिवाळ्या झाल्या, आली न्हाय. मी रोज लावतो. परत देतो तिला — तलवार देतो, ढाल देतो, सगळं देतो, खोटं कशाला बोलू, रडतो पण. मंग बंद करतो. — सेव्ह? न्हाय, सेव्ह न्हाय करत. दुसऱ्या दिवशी परत माझीच थैली भरलेली असते.

का म्हणजे? — असंच. — काय म्हणालात? जमिनीतलं द्या? अहो, गोदाम उभं हाय तिथं, मला बायकापोरं हायत — तुम्ही कॅसेट घ्यायला आलात का वकिली करायला? उठा. उठा म्हणतो ना. शटर ओढायचंय मला.