उरलेलं दूध

माझं माहेर निफाडच्या पलीकडं, नदीकाठचं गाव हाय, आन् सासर इथंच पिंपळगावला. मी सिंधूबाई, साठीला आले, चौथी शिकलेली. लग्न झालं, संदीप झाला, त्याचे वडील लवकर गेले, आन् मग मी अठरा हंगाम द्राक्षाच्या पॅकहाउसला काढले. म्हणजे कसं बघा ताई, बागेतून माल येतो, आपण टोपी घालायची, हात धुवायचे, कात्रीनं घडातले सडके दाणे काढायचे, वजन करून डबीत भरायचं, मग तो माल गार करायच्या खोलीत जातो. तिथला एक नियम लय कडक, एकदा गार झालेला माल बाहेर काढला आन् उबला, की तो परत आत घ्यायचा नाय, त्याला घाम सुटतो, सडतो तो, आन् एका डबीपायी सगळा खोका जातो. नव्या पोरी आल्या की मीच शिकवायची त्यांना हे. मीच.

गुडघे गेले तवा मी घरी बसले आन् माझ्या जागेवर सून गेली, शीतल. बारावी झालेली पोरगी, बोलायला कमी, कामाला वाघ. संदीप टेम्पो चालवतो, आठवड्यातले चार दिवस बाहेर, तो घरी असला काय नसला काय, आम्ही दोघीच. नात झाली, ईश्वरी, ती चार महिन्यांची होते न होते तोच हंगाम सुरू झाला आन् शीतलला बोलावणं आलं. ती म्हणली, आई, जाऊ का मी, बाळ लहान हाय. मी म्हणलं जा बिनघोर, मी हाय ना.

आमच्या वेळी पोर शेताच्या बांधावर झोपवायचं, रडलं की पदराखाली घ्यायचं, बाटली कुणी बघितली होती. शीतलनं हातानं दाबायचा पंप आणला. सकाळी उठून दूध काढायची, उकळलेल्या बाटल्यांमधी भरायची, वर चिकटपट्टी लावून वेळ लिहायची, आन् फ्रिजमधी पार आतल्या अंगाला ठेवायची, दारात नाय, दारात गारवा कमी म्हणायची. मला सगळं सांगितलं, दोन-दोनदा सांगितलं, आई, गॅसवर तापवायचं नाय, कोमट पाण्याच्या पातेल्यात बाटली ठेवायची, मनगटावर थेंब टाकून बघायचा, आन् तिचं तोंड लागलेलं उरलं तर ठेवायचं नाय, टाकून द्यायचं. मी हो म्हणलं.

आता टाकून द्यायचं कसं, हे तुम्हीच सांगा. आमच्यात अंगावरचं दूध असं कुठं बी टाकत नाय. भुईवर सांडलं, त्याला मुंग्या लागल्या, की आईचं दूध आटतं म्हणतात. माझी आई जास्तीचं झालं तर झाडाच्या बुडाशी घालायची आन् वरून तांब्याभर पाणी सोडायची. इथं झाड कुठं हाय, दुसरा मजला, खाली सगळी फरशी, आन् बेसिनमधी ओतावं तर ते खरकट्याच्या पाण्याबरोबर गटारात. पहिल्या दिवशी ती अर्धी बाटली घेऊन मी बेसिनपाशी उभी राहिले, लय वेळ उभी राहिले, हातच धजला नाय. पोरीनं सकाळी छातीला वळ उठस्तोवर दाबून काढलेलं दूध ते. मी ते दुसऱ्या बाटलीतल्या गार दुधात ओतलं आन् परत फ्रिजमधी ठेवलं. आन् रिकामी बाटली धुवून पालथी घातली, म्हणजे शीतलला वाटावं टाकलं.

म्हणजे लपवलंच की. आठ दिवस काय झालं नाय, पंधरा दिवस काय झालं नाय, मग मला वाटाया लागलं की या आजकालच्या पोरी उगाच बाऊ करतात. अठरा वर्षं द्राक्षाला जे पाळलं ते दुधाला पाळायचं माझ्या ध्यानातच आलं नाय, काय सांगू तुम्हाला, दूध ते दूध आन् माल तो माल, एवढीच अक्कल.

मग मार्च आला, ऊन वाढलं, एक दिवस सकाळी लाईट गेली ती दुपार कलली तरी आली नाय. फ्रिज बंद, आन् आत राहिलेल्या बाटलीत आदल्या दिवशीचं उरलेलं मिसळलेलं होतं. ईश्वरीनं दोन घोट घेतले आन् तोंड फिरवलं. मी म्हणलं नखरे करती, आन् पाजलं, सगळं पाजलं. दिवेलागणीला उलटी झाली, मग जुलाब, सकाळपर्यंत पोरीची टाळू खोल गेली होती, रडायची पण डोळ्यात पाणी नाय. नाशिकला दवाखान्यात नेलं. सलाईन लावायला हाताची शीर सापडेना, शेवटी पायाला लावली. मी ते बघत होते आन् मला काहीच होत नव्हतं ताई, रडू नाय, भीती नाय, कान तेवढे गच्च झालेले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, बाटली कोण देतं, मी म्हणलं मी. उरलेल्या दुधाचं काय करता. मी तोंड उघडायच्या आत शीतल म्हणली, आई टाकून देतात, मी सांगून ठेवलंय त्यांना. आन् माझ्याकडं बघितलं पण नाय तिनं, एवढी खात्री. मी मान हलवली. बोलायला तोंड होतं, वेळ होती, पण मी मान हलवली.

पाच दिवसांनी पोर वाचली, देवाची कृपा. पण शीतलच्या डोक्यात एकच, मग झालं कशानं. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणली, तू औषध मारलेली द्राक्षं हाताळती ना, ते दुधात उतरत असंल. डॉक्टरीणबाई परोपरीनं सांगत होत्या, तुझ्या दुधात काय दोष नाय, तू अंगावर पाज. पण दुसरं कारणच समोर नव्हतं, मग ती कशी मानंल. तिनं पोरीला वरच्या दुधाच्या पावडरीवर टाकलं. छाती दाटून यायची, ताप यायचा, मोरीत बसून दूध पिळून टाकायची आन् रडायची, मी बाहेर उभी, टॉवेल घेऊन. महिनाभरात दूध आटलं. मुंग्या नाय न् काय नाय, मी गप्प राहिले म्हणून आटलं.

तरी मी बोलले नाय. एक दिवस ती पंप धुवून खोक्यात भरत होती. म्हणली, आई, हे बहिणीला देणार होते, तिचे दिवस भरत आलेत, पण ती बी पॅकहाउसलाच हाय, तर तिला म्हणलंय, पाजायचंच नाय, पहिल्या दिवसापासून पावडर दे. आता दुसरं एक लेकरू, अजून जन्माला बी नाय आलेलं. मी तिच्यापुढं खाली बसले, गुडघे दुखतात तरी बसले, आन् म्हणलं, शीतल, उरलेलं मी टाकत नव्हते, परत फ्रिजमधी ठेवायची.

तिनं हातातला पंप खाली ठेवला. मग म्हणली, किती दिवस? म्हणलं, तीन आठवडे. मग म्हणली, दवाखान्यात का नाय बोलल्या? तिनं माझ्यादेखत बहिणीला फोन लावला, म्हणली, पाज तू, बिनधास्त पाज, माझ्या दुधात काय नव्हतं, दूध ठेवण्यात चूक झाली. कुणाची चूक ते सांगितलं नाय. संदीपला बी आजवर सांगितलं नाय. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ईश्वरी अजून माझ्यापाशीच असती, दुसरं कोण हाय. पाणी उकळते, गरम असतानाच पावडर घालते, चमचा सपाट भरून, कमी नाय जास्त नाय, मग बाटली गार पाण्यात धरून निववते, एका वेळेपुरतंच करते, उरलं की लगेच बेसिनमधी ओतते. पोर मला बघून हसती, मी पण हसते, पण आत काय हलत नाय ताई, खोटं कशाला सांगू. वाटतं आतलं ते येईल परत कधीतरी, नाय आलं तरी पोरीचं पोट भरतंय.

शीतल सकाळी टोपी पिशवीत घालती, पोरीचा मुका घेती, आन् दारातून म्हणती, आई, येते. आधी मी ये म्हणेपर्यंत थांबायची ती, उंबऱ्यात. आता थांबत नाय, जिना उतरायला लागती. मी दाराशी जाऊन म्हणते, ये बाई, सुखाची ये. तिच्या चपलांचा आवाज खाली जात असतो, तिला ऐकू जातं का नाय, कुणास ठाऊक.